न झिजणाऱ्या यंत्राची देखभाल

सायकलची साखळी सैल पडते, नळातला वायसर झिजतो, दाराची बिजागरी कुरकुरू लागते. वस्तू वापरात असली की घर्षण, उष्णता आणि गंज ही मंडळी आपले काम करतातच. म्हणून तर तेलपाणी, दुरुस्ती, रंगरंगोटी या गोष्टी आपल्या अंगवळणी पडल्या आहेत.

आता एक कोडे सोडवा पाहू. संगणकाची आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण प्रोग्रॅम म्हणतो ती, झिजते का? तिच्यात चाक नाही, साखळी नाही, बिजागरी नाही. शून्य आणि एक या दोनच अंकांची ती एक लांबलचक रांग असते. ही रांग नीट जपून ठेवली, तर पन्नास वर्षांनीही तिच्यातला एक अंकसुद्धा बदलणार नाही. मग अशा वस्तूला देखभालीची गरजच काय?

गरज आहे, आणि ती फार मोठी आहे. जगात कितीतरी माणसे वर्षानुवर्षे केवळ हेच काम करीत आली आहेत. ते कसे आणि कशासाठी, हे आपण एका खऱ्या उदाहरणावरून समजून घेऊ. उदाहरणाचे नाव आहे जीटीके.

बटन कुठे असते?

संगणकाच्या पडद्यावर 'ठीक आहे' असे लिहिलेले बटन तुम्ही नेहमी पाहता. बाण त्यावर नेऊन टिचकी मारली की ते दबल्यासारखे दिसते आणि काम सुरू होते. पण तिथे खरोखर बटन असते का? भिंग घेऊन पाहिले तर पडद्यावर केवळ प्रकाशाचे बारीक ठिपके दिसतील. आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. त्यांतल्या काही ठिपक्यांना करडा रंग दिला, कडेच्या काहींना गडद केले, मध्ये अक्षरे उमटवली, की आपल्या डोळ्यांना 'बटन' दिसते.

पण नुसते चित्र काढून भागत नाही. बाण नेमका त्या चौकटीत आला आहे का, हे सतत तपासावे लागते. टिचकी बसताच ठिपक्यांचे रंग बदलून बटन दबल्याचा आभास निर्माण करावा लागतो. बोट सोडण्यापूर्वी बाण बाजूला नेला तर ती टिचकी धरायची नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. एका साध्या बटनाची ही कथा! मग याद्या, सरकपट्ट्या, मजकूर लिहिण्याच्या चौकटी यांची काय सांगावी?

प्रत्येक आज्ञावली लिहिणाऱ्याने हे सारे पहिल्यापासून लिहायचे म्हटले, तर मुख्य काम बाजूलाच राहील. घर बांधणारा गवंडी दारे-खिडक्या स्वतः घडवीत बसत नाही; सुताराकडून तयार आणून बसवतो. तशीच पडद्यावरच्या तयार भागांची जी पेटी मिळते, तिला टूलकिट म्हणतात. जीटीके ही अशीच एक पेटी आहे.

एका चित्रासाठी जन्मलेली पेटी

अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी होते. १९९५ साली त्यांनी चित्रांवर संस्कार करणारी एक आज्ञावली लिहायला घेतली. तिचे नाव गिंप. १९९६ साली ती लोकांसमोर आली. सुरुवातीला त्यांनी बटने आणि याद्यांसाठी मोटिफ नावाची टूलकिट वापरली. पण मोटिफ विकत घ्यावी लागे, आणि गिंप तर सर्वांना मोफत द्यायची होती. तेव्हा या दोघांनी सरळ आपली स्वतःची टूलकिट लिहून काढली. 'गिंप टूलकिट' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला जीटीके म्हणू लागले.

या टूलकिटची मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा स्वरूपातील आज्ञा, सर्वांसाठी खुली आहे. कुणीही ती वाचावी, वापरावी, सुधारावी आणि सुधारलेली प्रत इतरांना द्यावी, अशी परवानगीच तिच्या परवान्यात लिहिलेली आहे. याला मुक्तस्रोत पद्धत म्हणतात. १९९८ साली जीटीकेची १.० ही आवृत्ती निघाली, २००२ साली २.०, २०११ साली ३.० आणि २०२० सालच्या डिसेंबरात ४.०. आज गिंपच नव्हे, तर रेषाचित्रे काढण्याची इंकस्केप ही आज्ञावलीही याच पेटीतील भागांवर उभी आहे.

आता अडचण अशी की, जीटीके जन्मली ती युनिक्स घराण्यातील संगणकांवर. लिनक्स हे त्याच घराण्यातले. जगातील बहुसंख्य शाळांमध्ये आणि घरांमध्ये मात्र विंडोज असलेले संगणक होते. एका घराण्यातील आज्ञावली दुसऱ्या घराण्यात चालायची कशी?

मिरजेचे रूळ

सांगली जिल्ह्यातील मिरज स्थानकावर एके काळी तीन मापांचे रूळ होते. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, मीटरगेजचे १००० मिलिमीटर आणि नॅरोगेजचे ७६२ मिलिमीटर. एका मापाची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालणार नाही, हे उघडच आहे. त्यामुळे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. चीन आणि मंगोलिया यांच्या सीमेवर, जिथे रुळांची मापे वेगळी आहेत, तिथे आणखी एक युक्ती करतात. डबा उचलून त्याच्या खालचा चाकांचा सांगाडा तेवढा बदलतात. डबा तोच, आतली बाके तीच, प्रवासीही तेच. चाके मात्र नव्या मापाची.

जीटीकेने ही दुसरी युक्ती वापरली. बटन कसे दिसावे, यादी कशी उघडावी, हा झाला डबा. पडद्यावर खिडकी उघडणे, माउसची आणि कळफलकाची बातमी आत आणणे, ही झाली चाके. या चाकांच्या भागाला जीडीके म्हणतात. युनिक्सच्या बाजूला जीडीके एक्स-११ नावाच्या यंत्रणेशी बोलते, अलीकडे वेलँडशीही बोलते. विंडोजच्या बाजूला ती विंडोजच्या भाषेत बोलते. वरच्या डब्याला याचा पत्ताही नसतो.

विंडोजसाठी ही चाके बसवण्याचे काम गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत फिनलंडमधील टोर लिल्क्विस्ट या गृहस्थांनी हाती घेतले. गिंप, जीटीके आणि तिच्या पायाशी असलेली जीलिब ही लायब्ररी त्यांनी विंडोजवर आणली आणि पुढे कित्येक वर्षे तिची निगा राखली. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांचे कपाट नव्हे, बरे का! ठराविक कामे करणाऱ्या आज्ञांचा तयार संग्रह, असा तिचा अर्थ.

बारीकसारीक फरक, मोठी पंचाईत

आता प्रश्न असा की, चाके एकदा बदलली म्हणजे काम संपले का? नाही. दोन्ही घराण्यांच्या रीतिरिवाजांत इतके बारीक फरक आहेत, की पावलोपावली ठेच लागते. त्यांतले काही पाहू.

पहिला फरक ओळीच्या शेवटाचा. जुना टंकलेखक तुम्ही पाहिला असेल. एक ओळ संपली की त्याची गाडी पुन्हा सुरुवातीला आणायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, अशा दोन क्रिया होत. तारयंत्राच्या छपाई यंत्रातही या क्रियांना दोन वेगळे संकेत होते. त्यांचे क्रमांक १३ आणि १०. विंडोजने हे दोन्ही संकेत जपले आहेत. युनिक्स घराण्याने मात्र १० हा एकच पुरेसा मानला. म्हणून लिनक्सवर लिहिलेली शंभर ओळींची फाइल २०१८ पूर्वीच्या नोटपॅडमध्ये उघडली, तर सगळ्या ओळी एकापुढे एक चिकटून एकच लांब ओळ दिसे!

दुसरा फरक नावांचा. लिनक्सला इंग्रजीतील मोठी आणि लहान लिपी वेगळी वाटते. तिथे मोठ्या आणि लहान अक्षरांत लिहिलेल्या एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी नांदतात. विंडोज साधारणपणे त्या दोन्ही एकच समजते. शिवाय फाइलीचा पत्ता लिहिताना लिनक्स एका बाजूला झुकलेली तिरपी रेघ वापरते, तर विंडोज बहुधा उलट बाजूला झुकलेली.

तिसरा फरक संख्यांच्या घराचा. सी या भाषेत 'लाँग' नावाचा संख्येचा एक प्रकार आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर त्याला ८ बाइटांची जागा मिळते, पण ६४ बिटांच्या विंडोजवर केवळ ४ बाइटांची. आता ४ बाइटांत ऋण आणि धन संख्या मांडायच्या, तर सर्वांत मोठी धन संख्या २,१४,७४,८३,६४७ इतकीच मावते. पाच आकडी मीटरच्या जुन्या स्कूटरवर ९९,९९९ किलोमीटरनंतर पुन्हा शून्ये दिसत, ते आठवा. लिनक्सवर बिनबोभाट चाललेले गणित विंडोजवर असेच उलटे फिरू शकते. आज्ञावली लिहिणाऱ्याची बुद्धी कमी पडली असे नाही. त्याच्या संगणकावर ती चूक कधी दिसलीच नाही.

चौथा फरक अक्षरांचा. निरनिराळ्या लिपींतील अक्षरांना युनिकोड पद्धतीने क्रमांक दिलेले आहेत. 'मराठी' या शब्दात असे पाच क्रमांक येतात: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. लिनक्सवर आणि जीटीकेत हे क्रमांक यूटीएफ-८ पद्धतीने लिहितात. त्यात देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १५ बाइट लागतात. विंडोज स्वतःच्या घरात यूटीएफ-१६ पद्धत वापरते; तिथे प्रत्येकी २, म्हणजे १० बाइट. तेव्हा फाइलीचे नाव मराठीत दिले, की सीमेवर प्रत्येक वेळी भाषांतर करावे लागते. ते एका जरी ठिकाणी राहिले, तरी 'सहल' नावाची तुमची फाइल सापडत नाही.

पाचवा फरक उसन्या वस्तूंचा. आज्ञावली चालताना संगणकाकडून स्मृतीचा तुकडा उसना घेते आणि काम झाले की परत करते. विंडोजवर एकाच आज्ञावलीतले निरनिराळे भाग निरनिराळ्या कोठीतून उसनवारी करू शकतात. ज्या कोठीतून तुकडा घेतला, तिथेच तो परत केला पाहिजे. शेजारच्या कोठीत टाकला तर हिशेब बिघडतो आणि आज्ञावली अचानक बंद पडते. म्हणूनच जीलिबचा एक नियम आहे: जीलिबच्या आज्ञेने घेतलेली स्मृती जीलिबच्याच आज्ञेने सोडावी.

बिल्ड म्हणजे काय?

मूळ संहिता माणसाला वाचता येते. संगणकाला ती तशी चालवता येत नाही. कंपायलर नावाची आज्ञावली तिचे यंत्रभाषेत रूपांतर करते, आणि मग सुटे भाग एकमेकांना जोडले जातात. या साऱ्या खटाटोपाला आणि त्यातून तयार होणाऱ्या वस्तूला 'बिल्ड' म्हणतात. विंडोजवर तयार झालेल्या लायब्ररीच्या फाइलीचे नाव 'डीएलएल' या अक्षरांनी संपते.

जीटीके एकटी बांधता येत नाही. आधी जीलिब हवी. चित्रे वाचणाऱ्या लायब्ररी हव्यात. रेषा आणि वळणे काढणारी कैरो हवी. अक्षरांचे आकार टंकातून काढणारी फ्रीटाइप हवी, ती अक्षरे एकमेकांशी जुळवणारी हार्फबझ हवी, आणि त्यांच्या ओळी-परिच्छेद लावणारी पँगो हवी. या सर्वांच्या वर जीटीके. पाया, जोते, भिंती, मग छप्पर, असा क्रम सांभाळावा लागतो. यात एक गमतीदार पेच आहे. हार्फबझला फ्रीटाइपची मदत लागते आणि फ्रीटाइपलाही काही कामांत हार्फबझची मदत घेता येते. मग आधी कोण? उपाय असा की, फ्रीटाइप एकदा हार्फबझशिवाय बांधायची, तिच्या आधाराने हार्फबझ बांधायची आणि मग फ्रीटाइप पुन्हा नव्याने बांधायची. अंडे आधी की कोंबडी आधी, या वादाचा निकाल इथे असा लागतो!

या कामात आपल्या मराठीचाही संबंध येतो. 'कि' हे अक्षर संगणकात साठवताना आधी क आणि मग वेलांटी असा क्रम असतो, पण पडद्यावर वेलांटी आधी काढावी लागते. 'धर्म' या शब्दात र आणि हलन्त हे म च्या आधी साठवलेले असतात, पण त्यांचा रफार होऊन तो म च्या डोक्यावर चढतो. 'क्ष' तर तीन क्रमांक मिळून एकच आकृती होते. हे जुळवाजुळवीचे काम हार्फबझ करते. २०१९ सालापासून पँगो सर्व प्रकारच्या संगणकांवर हे काम हार्फबझवरच सोपवते. तेव्हा विंडोजवरच्या बिल्डमध्ये या दोन विटा नीट बसल्या नाहीत, तर इंग्रजी वाचणाऱ्याला कदाचित काहीच वावगे दिसणार नाही. तुमच्या-माझ्या लिपीची मात्र मोडतोड होईल.

पायाखालची जमीन हलते

आता आपल्या मूळ कोड्याकडे वळू. समजा, हे सारे एकदा नीट बांधले. अंकांची रांग तर बदलत नाही. मग पुन्हा पुन्हा का बांधायचे?

कारण आज्ञावली स्थिर असली, तरी तिच्या पायाखालची जमीन स्थिर नसते. विंडोज एक्सपी २००१ साली आले आणि एप्रिल २०१४ मध्ये त्याची अधिकृत देखभाल थांबली. विंडोज १० हे २०१५ साली आले. त्याची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पूर्वी पडद्याच्या एका इंचात ९६ ठिपके धरून चित्र काढीत. पुढे दुप्पट दाट ठिपक्यांचे पडदे आले, आणि जुन्या आज्ञावल्यांची बटने त्यांवर इतकी लहान दिसू लागली, की बाण नेणे अवघड झाले. कंपायलर बदलतात, ३२ बिटांचे संगणक जाऊन ६४ बिटांचे येतात. भौतिकशास्त्रात आपण म्हणतो, की गती सापेक्ष असते. फलाटावर उभा असलेला माणूस हलत नाही, पण सुटलेल्या गाडीतून पाहणाऱ्याला तो मागे जाताना दिसतो. आज्ञावलीचे 'जुने होणे' हे असेच सापेक्ष आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. लिब-वेब-पी ही एका विशिष्ट प्रकारची चित्रे उलगडणारी लायब्ररी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्यात एक मोठे भोक सापडले. मुद्दाम बिघडवून तयार केलेले चित्र नुसते उघडले, तरी त्या वाटेने परक्या आज्ञा संगणकात शिरू शकत होत्या. लायब्ररीच्या कर्त्यांनी ते भोक तातडीने बुजवले. पण तुमच्या संगणकातले भोक त्याने बुजले का?

इथे दोन घराण्यांतील आणखी एक फरक कळतो. लिनक्सवर बहुधा अशा लायब्ररीची एकच सामाईक प्रत असते. गावच्या टाकीत औषध टाकले की सर्व नळांना शुद्ध पाणी येते, तसे ती एक प्रत बदलली की काम होते. विंडोजवर मात्र बहुतेक आज्ञावल्या आपापल्या लायब्ररींच्या प्रती स्वतःबरोबर घेऊन येतात. म्हणजे प्रत्येक घरात वेगळा रांजण! प्रत्येक रांजण स्वतंत्रपणे धुवावा लागतो. कुणीतरी दुरुस्त केलेली लायब्ररी घ्यायची, तिच्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी तपासायच्या, नवे बिल्ड करायचे आणि लोकांपर्यंत पोचवायचे. हे 'कुणीतरी' जागेवर नसेल, तर मूळ लायब्ररी दुरुस्त असूनही हजारो संगणकांवरचे भोक उघडेच राहते.

हे काम कोण करते?

आज जीटीके विंडोजवर हवी असेल तर तिचे कर्ते मुख्यतः दोन वाटा सांगतात. एक वाट एमसिस-२ या प्रकल्पाची. त्यात प्रत्येक लायब्ररीची एक 'पाककृती' लिहिलेली असते: मूळ संहिता कुठून आणायची, विंडोजसाठी कोणती ठिगळे लावायची, कोणत्या क्रमाने बांधायचे. दुसरी वाट जीव्हीएसबिल्ड नावाच्या साधनाची. ते मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने सारा मनोरा बांधून देते. यंत्रे रात्रंदिवस हे बांधकाम आपोआप करू शकतात. पण बांधकाम कोसळले तर कारण शोधायला माणूसच लागतो. आणि बिल्ड यशस्वी झाले तरी यादी पडद्याच्या बाहेर उघडते आहे, हे पाहायला डोळे लागतात.

अडचण अशी की, जीटीकेच्या कर्त्यांपैकी बहुतेक जण स्वतः लिनक्स वापरतात. जो रोज ज्या वाटेने जातो, त्याला त्याच वाटेवरचे खड्डे दिसतात. विंडोजकडे लक्ष ठेवणारी माणसे मोजकीच, आणि त्यांतली कित्येक आपला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून हे काम करणारी. काम चोख झाले की कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडले की मात्र तक्रारींचा पाऊस पडतो. घरातील स्वयंपाकासारखेच हे.

अशी माणसे कमी पडली तर काय होते, याची दोन उदाहरणे देतो. जाळ्यातून वाहणारी माहिती तपासण्याची वायरशार्क नावाची प्रसिद्ध आज्ञावली आहे. ती जीटीकेवर उभी होती. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती सारखीच सहज वागावी म्हणून तिच्या कर्त्यांनी क्यूट या दुसऱ्या टूलकिटची निवड केली, आणि २०१५ साली निघालेली तिची २.० ही आवृत्ती क्यूटवर उभी राहिली. भाडेकरू उठून दुसऱ्या वाड्यात गेला.

दुसरे उदाहरण खुद्द गिंपचे, जिच्यासाठी जीटीके जन्मली तिचे. २०११ साली जीटीके ३.० आली, तरी गिंप दुसऱ्याच आवृत्तीवर राहिली. एवढी मोठी आज्ञावली नव्या पायावर हलवायला माणसे आणि वेळ अपुरा होता. डिसेंबर २०२० मध्ये जीटीकेच्या दुसऱ्या मालिकेची अखेरची आवृत्ती निघाली आणि तिची अधिकृत देखभाल थांबली. गिंपची ३.० आवृत्ती जीटीके ३ वर आली ती मार्च २०२५ मध्ये. म्हणजे मधली चार वर्षे आणि काही महिने जगभरातील चित्रकार अशा खांबावर उभी असलेली आज्ञावली वापरीत होते, ज्याला डागडुजी करणारा अधिकृत कारागीरच उरला नव्हता. खांब पडला नाही, कारण गिंपच्या आणि बिल्डच्या माणसांनी टेकू देऊन तो उभा ठेवला.

करून पाहा

१. विंडोजच्या नोटपॅडमध्ये इंग्रजी 'ए' हे अक्षर लिहून एंटर दाबा. असे दहा वेळा करून फाइल साठवा. फाइलीच्या गुणधर्मांत तिचा आकार पाहा. दहा अक्षरे आणि दहा ओळी, म्हणजे २० बाइट व्हायला हवेत असे वाटेल. पण ३० दिसतील. जास्तीचे १० कुठून आले, ते आता तुम्हीच सांगा.

२. नव्या फाइलीत फक्त 'मराठी' एवढेच लिहा. एंटर दाबू नका. एकदा यूटीएफ-८ आणि एकदा यूटीएफ-१६ एलई असे निवडून दोन नावांनी साठवा. पहिलीचे १५ बाइट होतील. दुसरीचे १० ऐवजी १२ होतील! सुरुवातीचे जास्तीचे दोन बाइट बाइटांचा क्रम सांगणारी खूण असते.

३. शाळेच्या विंडोज संगणकावर गिंप असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने तिच्या 'बिन' नावाच्या कप्प्यात जा. 'डीएलएल' ने संपणारी नावे मोजा. त्यांत जीटीके, पँगो, हार्फबझ यांची नावे शोधा. काही पुसू मात्र नका!

तुमची प्रयोगवही

तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशातल्या तज्ज्ञांचे काम. आमचा त्यात काय संबंध? संबंध आहे. हा लेख वाचताना तुमच्या लक्षात आले असेल, की बऱ्याच चुका केवळ दिसल्या नाहीत म्हणून राहतात. ज्याच्या संगणकावर मराठी नाही, त्याला तुटलेला रफार दिसणारच नाही. तुम्हाला तो दिसेल.

मुक्तस्रोत प्रकल्पांना सर्वांत मोलाची मदत म्हणजे चुकीची नीट कळवलेली नोंद. 'तुमची आज्ञावली चालत नाही' एवढे लिहून काही उपयोग नाही. ती नोंद आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीसारखी लिहावी. साहित्य: विंडोजची कोणती आवृत्ती, आज्ञावलीची कोणती, पडदा केवढा. कृती: क्रमाने काय काय केले. निरीक्षण: काय दिसले. आणि अपेक्षा: काय दिसायला हवे होते. दुसऱ्या माणसाने त्याच कृतीने तेच निरीक्षण मिळवले, की अर्धी दुरुस्ती झालीच म्हणून समजा. प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे, हा विज्ञानाचा पहिला नियम इथेही तंतोतंत लागू पडतो.

अशी नोंद लिहायला पदवी लागत नाही. नीट पाहणारे डोळे, थोडा धीर आणि स्वच्छ लिहिण्याची सवय असली की पुरे. पुढच्या वेळी पडद्यावरच्या एखाद्या खिडकीत 'कि' ची वेलांटी चुकीच्या बाजूला दिसली, तर नुसते हसून सोडून देऊ नका. वही काढा आणि पहिली ओळ लिहा: साहित्य.